मन मोकळं करायला आलेल्या माणसाचं ऐकायचं कसं

आपल्याकडे दुःखात असलेल्या माणसाभोवती माणसं लगेच गोळा होतात, आणि ही फार मोठी जमेची बाजू आहे. घरात कुणी गेलं की शेजारून पिठलं-भात येतो, लांबचे नातेवाईक मिळेल त्या गाडीने निघतात. कमी पडतो तो ऐकणारा. आलेला जो तो काहीतरी सांगायलाच आलेला असतो. धीर धर, देवाची इच्छा, आता मुलांकडे बघ. ज्याच्यावर वेळ आली आहे तो मान हलवत राहतो आणि त्याला जे बोलायचं असतं ते आतच राहून जातं.

हा लेख समुपदेशकांसाठी नाही. मावशी, मित्र, वर्गशिक्षक, ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा सहकारी, अंगणवाडी सेविका, खोलीवरची मैत्रीण, अशा माणसांसाठी आहे. मन मोकळं करायला लोक आधी यांच्याकडेच जातात. "आपण साधी माणसं, आपल्या ऐकण्याने काय होणार?" ही शंका रास्त आहे, पण तिला चांगलं उत्तर मिळालेलं आहे. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ साली वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. मनाने खचलेली माणसं त्या बाकावर येऊन बसायची. आज्या आधी सगळं ऐकून घ्यायच्या, मग त्या माणसाबरोबर त्याच्याच अडचणींतली एक निवडून तिच्यावर मार्ग शोधायच्या. २०१६ साली या कामाचा ५७३ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात जवळजवळ निम्म्या लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं उरली होती. बाकावर येऊन बोललेल्यांमध्ये ते प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्या अमरावती जिल्ह्यातही ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक त्याचा कणा होते. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं.

तेव्हा हे काम साध्या माणसाला जमतं. मात्र ते शिकावं लागतं, कारण बोलायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते आणि ऐकायची कुणी लावलेली नसते.

पायरी १: आधी स्वतःकडे बघा, मग जागेकडे

कुणी म्हणालं, "जरा बोलायचं होतं," की आधी आपली स्थिती तपासा. कुकर लावलेला आहे, मुलाला क्लासला सोडायचं आहे, स्वतःचंच डोकं ठणकतंय, अशा वेळी अर्धवट ऐकण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं. "आत्ता माझ्याकडे दहाच मिनिटं आहेत आणि तुझं मला नीट ऐकायचंय. रात्री नऊला फोन करू?" एवढं पुरतं. फक्त नऊ म्हणजे नऊ. दिलेली वेळ चुकली तर तो माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. याला एकच अपवाद आहे. त्याच्या आवाजावरून काही भलतंसलतं होईल अशी शंका आली, तर हातातलं काम तिथेच टाकायचं.

जागेचा प्रश्न आपल्या घरांत खरोखरचा आहे. दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर मनातलं बोलणार कुठे? पाराच्या कट्ट्यावर अख्खं गाव कान देऊन बसलेलं असतं. मग गच्चीवर जा, दळण आणायला बरोबर निघा, रात्री जेवणानंतर एक फेरी मारा. चालताना किंवा शेजारी-शेजारी बसून बोलण्याचा एक फायदा असा की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. पुरुषांना हे विशेष सोपं जातं. समोरासमोर बसवून "बोल, काय झालं?" विचारलं तर चुलतभाऊ "काही नाही रे" म्हणून उठेल. तोच बांधावर शेजारी बसला की आधी सोयाबीनच्या भावावर बोलतो, मग आटलेल्या बोअरवर, मग बँकेच्या नोटिशीवर, आणि तिसऱ्या तंबाखूच्या चिमटीनंतर म्हणतो, "रात्री झोपच लागत नाही." सोयाबीनचं बोलणं कंटाळवाणं वाटलं तरी तोडू नका. त्याच्यासाठी आत येण्याची वाट तीच आहे.

मोबाइल पालथा घालू नका, खिशात टाका. पालथा मोबाइलही थरथरतो आणि नजर तिकडे जाते.

पायरी २: सुरुवात करून द्या, ओढून काढू नका

"कसं चाललंय?" या प्रश्नाला "मजेत" हे उत्तर ठरलेलं आहे. त्यापेक्षा तुम्हाला जे दिसलं ते सांगा. "गेले काही दिवस डबा तसाच परत नेतेस, म्हणून विचारतेय." "सुट्टीनंतर तू ग्रुपवर एकदाही बोलला नाहीस." आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे, एवढं कळलं तरी माणसाला धीर येतो. आणि नकाराला जागा ठेवा: "सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तरी चालेल. मी आहे." पहिल्यांदा विचारल्यावर नाही म्हणणारी कितीतरी माणसं दोन दिवसांनी आपणहून येतात.

सुरुवातीलाच एक प्रश्न हमखास येतो: "कुणाला सांगणार नाहीस ना?" इथे घाईघाईने शपथ घेऊ नका. "हे माझ्याजवळच राहील. फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी मदत आणीन, आणि तेही आधी तुला सांगून." हे ऐकून बोलायचं थांबलेलं माणूस क्वचितच दिसेल. उलट ऐकणारा आपल्याला गांभीर्याने घेतोय, हे कळतं.

पायरी ३: बोलू द्या, आणि गप्प बसायला शिका

सगळ्यांत कठीण पायरी हीच आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या संवादांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा रुग्ण तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडत होते असं आढळलं. घरी आपण याहून फार वेगळे नसतो. भाऊ म्हणतो, "साहेबांनी आज सगळ्यांसमोर..." आणि आपण सुरू, "अरे, माझ्या साहेबाचं ऐकशील तर!"

आपली गोष्ट मध्ये आणण्यात हेतू चांगलाच असतो. मीही यातून गेलोय, असं सांगायचं असतं. पण त्या क्षणी बोलणं त्याच्याकडून आपल्याकडे आलेलं असतं आणि आता त्यालाच आपल्याला "हो का, मग?" म्हणत बसावं लागतं. आपला अनुभव त्याने विचारला तरच सांगा, तोही दोन वाक्यांत.

तो थांबला की लगेच काही बोलू नका. मनात सावकाश पाच-सहा अंक मोजा. त्या शांततेत माणूस पुढचं वाक्य जुळवत असतो, आणि बऱ्याचदा खरी गोष्ट त्या वाक्यात असते. "हं", "मग?", "बरं" एवढे हुंकार पुरेसे असतात. फोनवर मात्र ते अधूनमधून द्यावेच लागतात, नाहीतर पलीकडून "ऐकतेयस ना?" येतं आणि धागा तुटतो.

रडू आलं तर रडू द्या. आपण "रडू नकोस गं" म्हणतो आणि पाण्याचा पेला पुढे करतो, ते बऱ्याचदा आपल्याला ते रडणं बघवत नाही म्हणून. पाणी हाताशी ठेवा, पण हुंदका ओसरेपर्यंत थांबा. पाठीवर हात ठेवायचा का, हे नात्यावर ठरतं. शंका असेल तर ठेवू नका. पुरुष रडला तर त्याला "पुरुषासारखा पुरुष आणि..." हे वाक्य चुकूनही ऐकवू नका. ते त्याने स्वतःला आधीच ऐकवलेलं असतं, म्हणून तर तो इतके दिवस रडला नाही.

तपशील उकरू नका. अपघात, पूर, अत्याचार यांतून आलेल्या माणसाला "नेमकं काय झालं, पहिल्यापासून सांग" असं म्हणू नये. मानसिक प्रथमोपचारावर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही माणसाला घडलेलं सांगायला भाग पाडू नका, असं बजावलेलं आहे. तो सांगेल तेवढं आणि सांगेल त्या क्रमाने ऐकायचं.

पायरी ४: कळलेलं त्याच्यासमोर परत ठेवा

गप्प बसणं म्हणजे दगडासारखं बसणं नव्हे. आपल्याला काय कळलं, ते मधूनमधून थोडक्यात सांगायचं आणि त्याला दुरुस्त करू द्यायचं. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याचे सहकारी रिचर्ड फार्सन यांनी १९५७ साली यावर सविस्तर लिहिलं. पण वाचून कळण्यापेक्षा हे बघून लवकर कळतं.

समजा, भाचीचं तिसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालंय. ती चार दिवस माहेरी आली आहे. रात्री भांडी आवरताना ती ओट्याशी उभी राहून म्हणते, "मावशी, मला इतक्यात सासरी जायचं नाहीये."

इथे दोन उत्तरं जिभेवर तयार असतात. एक, "अगं, असं कसं? त्यांना काय वाटेल?" दुसरं, "राहा की हवे तेवढे दिवस, हे घर तुझंच आहे!" दुसरं प्रेमाचं आहे, पण त्यानेही विषय तिथेच मिटतो. मावशी हातातलं फडकं बाजूला ठेवते आणि एवढंच म्हणते,

"जायचं नाहीये?"

"नको वाटतं. तिथे सगळे असे वागतात, की काही झालंच नाही."

"कुणी त्याबद्दल बोलतच नाही."

"सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. आणि लगेच भाजी कुठली करायची ते विचारलं."

"फार राग आला असेल तेव्हा."

"राग नाही गं. मला वाटलं, मी एकटीच वेडी आहे का? ह्यांनीसुद्धा दुसऱ्या दिवशी ऑफिस गाठलं. मग मीच का रडतेय?"

मावशीचा अंदाज चुकला. तिला राग वाटला, आणि तो राग नव्हताच. पण अंदाज चुकल्यामुळे भाचीला "राग नाही" म्हणावं लागलं, आणि मग जे होतं त्याला शब्द सापडले. म्हणून अचूक ओळखण्याचं दडपण घेऊ नका. "तुला असंच वाटतंय" असं ठासून न सांगता "असेल", "असं वाटतंय का?", "म्हणजे असं आहे का?" असं सैल ठेवा. मात्र प्रत्येक वाक्य पोपटासारखं परत म्हणत बसलात तर समोरचा वैतागेल. चार-पाच वाक्यांनी एकदा पुरे.

"का" ने सुरू होणारे प्रश्न शक्यतो टाळा. "का नाही सांगितलंस आधी?" यात प्रश्न कमी आणि जाब जास्त असतो. "तेव्हा सांगणं कठीण गेलं का?" असं विचारलं की तोच माणूस मोकळा होतो.

पायरी ५: निवाडा बाजूला ठेवा

भाचीचं ऐकणं सोपं, कारण तिची काही चूक नाही. कस लागतो तो दुसऱ्या जागी. मित्र सांगतो की ऑनलाइन जुगारात बायकोचे दागिने गेले. बहीण सांगते की लग्नाबाहेर कुणात तरी मन गुंतलंय. मुलगा सांगतो की त्याला मुली नाही, मुलगे आवडतात. दारू, कर्ज, परजातीतलं प्रेम, नापास झाल्याचं सहा महिने लपवणं. अशा वेळी आपली मतं उसळून वर येतात, आणि ती येणारच. मतं नसलेला माणूस कुठे असतो? पण ती त्या तासाभरापुरती जिभेवर आणायची नाहीत. त्याने स्वतःला आधीच भरपूर दोष दिलेला असतो. आपला निवाडा ऐकला की तो स्वतःची बाजू मांडायला लागतो किंवा खोटं बोलतो, आणि दोन्हींत खरी अडचण मागे पडते.

न्याय न करणं म्हणजे संमती देणं, असं मुळीच नाही. दागिने गेलेल्या मित्राला "चालतं रे" म्हणायची गरज नाही. "बरोबर-चूक नंतर बघू. तू यात कसा अडकत गेलास, ते मला आधी समजून घेऊ दे," हे खरं आणि पुरेसं आहे. आणि मुलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीवर आईवडिलांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य तो आयुष्यभर विसरत नाही. काही सुचत नसेल तर एवढंच म्हणा: "तू मला सांगितलंस, बरं केलंस." बाकी सगळं समजून घ्यायला पुढे वेळ आहे.

चेहऱ्याकडेही लक्ष असू द्या. आठी, "च्च", कपाळावर मारलेला हात, ही सगळी निवाड्याचीच रूपं आहेत.

याच्या उलट चूकही तितकीच महाग पडते. मैत्रीण नवऱ्याबद्दल रडून बोलते आणि आपण तिच्यापेक्षा जास्त पेटतो: "असल्या माणसाबरोबर तू राहतेसच कशी!" आठ दिवसांनी त्यांचं जुळतं. आता ती आपल्याकडे येऊ शकत नाही, कारण तिच्या नवऱ्याबद्दल आपण काय म्हणालो ते दोघींना आठवत असतं. तिची बाजू घ्यायची म्हणजे तिच्या वेदनेची बाजू घ्यायची. माणसांवर शिक्के मारायचे नाहीत.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर मात्र तटस्थ राहायचं नाही. "यात तुझा काही दोष नाही" हे स्पष्ट शब्दांत सांगा. घरी परत जाणं सुरक्षित आहे का, ते विचारा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक त्या वेळी तोंडपाठ असावेत. तक्रार करायची की नाही, हे प्रौढ व्यक्तीला स्वतः ठरवू द्या. ज्या बाईचा प्रत्येक निर्णय इतरांनीच घेतलाय, तिचा आणखी एक निर्णय आपण घेऊ नये. मूल असेल तर गोष्ट वेगळी. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

पायरी ६: ही वाक्यं गिळून टाका

समाचाराला गेल्यावर जी वाक्यं आपोआप बाहेर पडतात, त्यांतली बरीचशी दुखावणारी असतात. "निदान"ने सुरू होणारं कुठलंही वाक्य घ्या: "निदान फार हाल तरी झाले नाहीत." "निदान एक मूल तरी आहे." निदान म्हणताना आपण त्याच्या दुःखातून थोडं वजा करत असतो. "तू खंबीर राहा" यातून त्याला कळतं की आपल्यासमोर कोसळायची सोय नाही. "देवाची मर्जी" हे त्याने स्वतः म्हटलं तर त्याचा आधार आहे, आपण म्हटलं तर विषय बंद करणं आहे. "मला कळतंय तुझं दुःख" यापेक्षा "मला कल्पनाही करवत नाही" हे बहुतेक वेळा जास्त खरं असतं.

गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला बिचकू नका. घरच्यांना आठवण होईल म्हणून आपण ते टाळतो, जणू ते विसरलेच होते. "काकांच्या हातच्या चहाची आज आठवण आली" असं कुणी म्हटलं की पाणी येतं डोळ्यांत, पण बोलायला वाटही मिळते. आणि तेरावं झाल्यावर जा. तेव्हा घर रिकामं झालेलं असतं आणि ऐकणारं कुणी उरलेलं नसतं.

पायरी ७: सल्ला विचारून द्या

सल्ला वाईट नसतो, पण तो वेळेआधी आला तर वाया जातो. सगळं बोलून झाल्यावर विचारा: "तुला नुसतं बोलायचं होतं, की आपण मिळून काही मार्ग बघायचा?" मार्ग हवा असेल तर हरारेच्या आज्यांची पद्धत धरा. सगळ्या अडचणी बोलून काढा, त्यांतली एकच त्याला निवडू द्या, आणि या आठवड्यात करता येईल एवढंच एक लहान काम ठरवा. बँकेत जाऊन हप्त्यांचं विचारायचं. वहिनीशी बोलायचं. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरकडे जायचं, आणि "मी येतो बरोबर" म्हणून खरंच बरोबर जायचं.

पायरी ८: जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार दिसला तर

"आता सगळं संपवावंसं वाटतं", "माझ्यावाचून तुमचं बरं चालेल", जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, अचानक निरवानिरवीची भाषा, यांतलं काही दिसलं की आडून विचारू नका. सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती बहुतेकांना वाटते. यावर झालेल्या संशोधनात तसं आढळलेलं नाही. शांतपणे विचारल्यावर माणसाला बहुधा सुटल्यासारखं वाटतं.

उत्तर "हो" आलं तर पुढे विचारा: काही ठरवलंय का, कधी, जवळ काही आणून ठेवलंय का. "मुलांचा तरी विचार कर" म्हणू नका, त्याने अपराधीपणाच वाढतो. "तू सांगितलंस ते बरं झालं. आत्ता मी इथेच आहे," असं म्हणा आणि तसं करा. त्याला एकटं सोडू नका. कीटकनाशकाचे डबे, घरातल्या गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी, शक्यतो दुसऱ्याच्या घरी हलवा. हा काळ बऱ्याचदा काही तासांचा असतो, आणि तेवढ्यात साधन हाताशी नसणं फार मोलाचं ठरतं. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सामील करून घ्या. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर ११२ किंवा थेट दवाखाना. पोलीस केसच्या भीतीने घरचे दवाखाना टाळत असतील, तर त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतं, आणि त्यासाठी त्याला शिक्षा होत नाही.

पायरी ९: नंतरचं

ऐकलेलं फॅमिली ग्रुपवर जाऊ देऊ नका, "तिच्या भल्यासाठी" तिच्या आईलाही सांगू नका. सांगणं गरजेचं वाटलं तर आधी तिला विचारा.

मन मोकळं केल्यावर दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना शरमल्यासारखं होतं, उगाच इतकं बोललो असं वाटतं. म्हणून दुसऱ्या दिवशी एक साधा निरोप धाडा: "काल बोललास, बरं वाटलं. जेवलास का?" दोन-तीन दिवसांनी स्वतःहून फोन करा. तो विषय त्याने काढला तर ऐका, नाही काढला तर इकडचं-तिकडचं बोला.

आणि ऐकून तुमचंच मन जड झालं, रात्री त्याचीच वाक्यं आठवत राहिली, तर तेही कुणाजवळ तरी बोला, नावगाव न सांगता. १४४१६ वर तुम्हीही फोन करू शकता. रोज रात्री दीड वाजता फोन येऊ लागला आणि तुमचं घर, तुमची झोप त्यात जाऊ लागली, तर मर्यादा सांगायला संकोचू नका: "साडेदहापर्यंत मी कधीही आहे. त्यानंतर फार अस्वस्थ वाटलं तर या नंबरवर बोल, आणि सकाळी मला सांग." सकाळी त्याचा फोन आला नाही, तर तुम्ही करा.